गाणी भरून मिळतील

दिंद्रुड,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. अंगद यास,

आक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. तुझ्या दाजींच्या डोक्याला नऊ टाके आहेत आणि दुकानाचं शटर अर्ध्यावरच अडकतं, बाकी खुशाल. आई जेवते. तुझ्या नावानं रोज एक भाकरी जास्तीची थापते आणि मग ती कुत्र्याला टाकताना मलाच शिव्या देते.

रविवारी जेलात भेटीला आलो तेव्हा तू जाळीतून विचारलंस, "आक्का, कावून रडायलीस?" मी म्हणाले, सर्दी झाली. सर्दी कसली, डोंबलाची! तू म्हणालास ना, "हनुमाननंच माझी गाडी सांगितली. सुटलो की त्याला तोडतो," तेव्हा मी पदर डोळ्याला लावला. आई शेजारी होती. त्या गलक्यात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हा कागद घेतला.

हे पत्र तुझ्या आधी तिथले साहेब उघडून वाचतील, ठाऊक आहे मला. वाचू देत. काळी शाई मारायची तर मारू देत. गुरुवारी हेच मी कोर्टात बोलणार आहे, तिथं कुणाच्या बापाची शाई पुरायची नाही.

आधी कामाचं. संभाजीनगरच्या वकीलबाई येऊन गेल्या. सहा दिवस नेट बंद ठेवलं त्याचा आदेश अजून कुणी दाखवलेला नाही. आपला व्हिडिओ नेटवरून उतरवला, तो कुणाच्या सहीनं तेही कळत नाही. त्यावर बाईंनी खंडपीठात अर्ज केलाय. सरकारचं म्हणणं एकच, व्हिडिओ खोटा, अंगदनं गाव पेटवायला बनवला. तो खरा ठरवायचा तर मूळ फोन पाहिजे आणि काढणारा माणूस पाहिजे. न्हाई तर तू आतच. बाई म्हणाल्या, "कोठडीत एवढा मार खाल्ला, पण कुणी काढला ते पोरगं सांगत नाही." मी मान खाली घातली. तू कुणासाठी गप्प आहेस ते मला माहीत नाही व्हय?

तुला सगळं ठाऊक आहे, पण जे उघडून वाचतील त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते. २७ ऑक्टोबरला सकाळी वाळूच्या टिप्परखाली विमलबाई गेली. बिचारी शेळ्या घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. लोकांनी फाट्यावर तिचं मढं ठेवून रस्ता धरला आणि एकच विचारलं, टिप्पर कुणाचा ते सांगा. दुपारी नेट गेलं. मला वाटलं आपलंच वायफाय गंडलं. गिऱ्हाईक यायलं अन् बोंबलायलं, "आक्का, काहीच उघडंना." तासाभरानं कळलं, सगळ्या जिल्ह्याचं बंद केलंय, अफवा पसरू नयेत म्हणून. चार वाजता बाहेरच्या जिल्ह्यातल्या पोलिसांच्या गाड्या आल्या. मी दुकानाच्या गच्चीवर चढले आणि फोन धरला.

वर्दीवाले कडेला उभे राहिले. मारणारे साध्या कपड्यातले होते, तोंडाला रुमाल, हातात लोखंडी गज. हनुमानचे वडील, बंकटकाका, हात जोडून मढ्याच्या आडवे झाले. पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा कानामागं. ते उठायला गेले तर तिसरा तोंडावर. दात डांबरावर सांडलेले मी वरून बघितले. मग चौघं मिळून तूर बडवल्यासारखे बडवत राहिले. काका स्वतःसाठी ओरडतच नव्हते रे. "बाई हाय, अरे बाई हाय, तिच्यावर पाय देऊ नका," एवढंच म्हणत होते. नंतर तेही बंद झालं. कागदावर काय आलं? ट्रॉलीवरून पडून मृत्यू. आग लागो त्या कागदाला!

दुसऱ्या दिवशी तू फोनमध्ये व्हिडिओ घेऊन निघालास. "जामखेडात नेट हाय आक्का, दिवसात जाऊन येतो." बीडला गाडी बदललीस. मांजरसुंब्याला एसटी चहाला थांबली आणि पुढचं मला कंडक्टर राधाकिशनमामांनी सांगितलं. पांढऱ्या गाडीतून पाच जण उतरले. तुला केसाला धरून दारातून ओढलं. ढाब्याच्या बाजेवर पालथं पाडून एकानं मानेवर गुडघा दिला. दुसऱ्यानं तुझा अंगठा दाबून फोन उघडला, व्हिडिओ पुसला, आणि मग तोच अंगठा बाजेच्या लाकडी दांडीवर ठेवून गजानं चेचला. मामा म्हणाले, "पोरी, हाड मोडल्याचा आवाज गाडीत बसून आला." चाळीस माणसं होती आणि एकानं फोन वर केला न्हाई. तुला वर आणखी पोलिसांच्या हवाली केलं, अफवा पसरवणारा म्हणून.

आपल्या दुकानावर पाटी आहे ना, "गाणी भरून मिळतील". त्या पाटीनं काय केलं ते तुला तुकड्या-तुकड्यानं कळलं असेल, नीट ऐक. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि निघायच्या आधी ज्याचं त्याचं मेमरी कार्ड माझ्याकडे येतं. सहा महिने फडावरच्या झोपडीत, त्या कोपीत, दुसरी करमणूक काय? त्यात नेट बंद, म्हणजे गाणी माझ्याकडूनच घ्यावी लागणार. तुला नेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून जे कार्ड आलं त्यात मी गाण्यांच्या मधोमध काकांचा व्हिडिओ भरला. प्रत्येकाला सांगितलं, "जिथं नेट लागंल तिथं सोडून द्या." कुणी कोल्हापूरला चाललेलं, कुणी सांगलीला, कुणी पार बेळगावकडं. रस्त्यावर तपासणी होती, पोलीस फोन उघडून बघायचे. पण पाचशे गाण्यांतून कोण बघत बसतो?

हनुमानही आला. बापाचं तेरावंही त्याला करता येईना, टोळी भरलेली, ट्रॅक्टर दारात उभा. बायको ट्रॉलीत भांडी बांधत होती. कार्ड काढून त्यानं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "आक्का, ह्याच्यात बापूचा आवाज हाय का?" मी म्हणाले, "हाय." त्यावर म्हणाला, "मग दोनदा भर. एक पुसलं तर एक ऱ्हाईल."

नेटवर पहिल्यांदा ज्यानं चढवला तो हनुमान होता, अंगद. निपाणीच्या पुढं गेल्या-गेल्या. तू त्याला तोडणार आहेस.

लाखो लोकांनी बघितला. चौथ्या दिवशी सरकारनं उतरवला, की दुसऱ्यानं चढवला. ऊसतोड्यांच्या हातात कोयता असतो एवढंच त्यांना माहीत, फोन पण असतो हे ध्यानात आलं न्हाई. मग त्यांनी गाणी कुठून भरली ते हुडकलं आणि आपल्या दुकानात आले. कॉम्प्युटर रस्त्यावर फेकून त्यावर गाडी घातली. तुझे दाजी मध्ये पडले, तर त्यांना हॉकीनं फोडलं. माझ्या दंडाला धरून एकानं विचारलं, "मूळ फोन कुठंय बे?" बाईमाणसाला बे! मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईस्तोवर. फोन कुठं होता ते सांगत न्हाई, आता तो वकीलबाईंकडं आहे.

हे झालं मिरवण्यासारखं. एवढं लिहून पत्र बंद करावं असं लई वाटलं. चहा केला, तो थंड झाला, पुन्हा बसले.

तुझी गाडी हनुमाननं सांगितली न्हाई. कंडक्टरनं न्हाई. मी सांगितली.

त्या सकाळी तू गेलास आणि तासाभरात अमरसिंह दुकानात आला. आपला अमरसिंह. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी त्याला राखी बांधते. पाचच दिवसांपूर्वी भाऊबीजेला ओवाळलं होतं, पाटावर बसून त्यानं आईच्या हातचे अनारसे खाल्ले होते. एवढा पुढारी, पण आपल्या दारात चप्पल काढून येतो, म्हणून मला त्याचा केवढा ताठा! मला म्हणाला, "आक्के, पोलीस अंगदच्या मागावर हायेत. हातात सापडला तर बंकटचं झालं तेच ह्याचं. कोणत्या गाडीनं गेला एवढं सांग, मी माझ्या गाडीत घालून सुखरूप आणतो. तुझा भाऊ तो माझा भाऊ न्हाई का?"

माझ्या डोळ्यांपुढं काकांचे दात आले. मी सांगितलं. बीडहून साडेअकराची, पाटोद्यावरून जामखेडला जाणारी. कोणत्या रंगाचा शर्ट, तेही सांगितलं. वरून त्याला म्हणाले, "दादा, लई उपकार झाले."

तू म्हणशील, आक्का, तुला एवढी अक्कल न्हाई? ऐक, का न्हाई ते. मी काढलेला व्हिडिओ मी पुरता पाहिलाच नव्हता. काका पडले की माझा अंगठा आपोआप बंद करायचा. पुढचं बघवायचं न्हाई. तुलाही तसाच दिला. तुला नेलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी तो शेवटपर्यंत बघितला. शेवटचे अकरा सेकंद. पांढरी गाडी येते, मारणाऱ्यातला एक तोंडाचा रुमाल सोडून काच खाली झालेल्या खिडकीपाशी वाकतो. तो सुरज, अमरसिंहचा ड्रायव्हर. आणि खिडकीतून जो हात बाहेर येऊन त्याला पाण्याची बाटली देतो, त्या मनगटावर माझी राखी आहे. श्रावणापासून काढलेली नव्हती त्यानं. टिप्पर कुणाचा, हे विचारत विमलबाईचं मढं दिवसभर रस्त्यावर पडलं होतं आणि उत्तर माझ्या हातातल्या फोनमध्ये होतं.

अकरा सेकंद बघायची हिंमत आधी केली असती तर तुझा अंगठा शाबूत असता. सरकारनं नेट बंद केलं, पण माझे डोळे मी माझ्या हातानं बंद केले होते, ते कुणाच्या नावावर घालू?

दीड महिना झाला, तू माझं नाव दाबून मार खातोयस आणि जिनं तुला धरून दिलं तिलाच वाचवतोयस. प्रत्येक रविवारी तू जाळीपलीकडून हसतोस आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझ्यावर थुंक, शिव्या दे, पण असा हसू नको रे.

गुरुवारी मी शपथेवर सांगणार आहे, व्हिडिओ मी काढला, कार्डं मी भरली, आणि गाडीही मीच सांगितली. वकीलबाई म्हणाल्या, तिसरं सांगितलंच पाहिजे असं न्हाई. मी म्हणाले, ते न्हाई सांगितलं तर अमरसिंह मांजरसुंब्याला कसा पोचला ते कोण सांगणार? बाईंनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुम्हालाही आत घेतील, माहिती आहे ना?" माहिती आहे. आईला अजून सांगितलेलं न्हाई. आज भाकरी झाल्यावर सांगते.

आता तुझं एक काम. हनुमानला माफीचं पत्र टाक. डाव्या हातानं लिहायला जमत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घे, पण टाक. त्याच्याबद्दल तू जे बोललास ते आईनंही ऐकलंय, ती गावात कुणाशी तरी बोलेल, आणि आपल्याकडं कोयते काही पेटीत ठेवलेले नसतात. अजून एक रक्त माझ्या जिभेवर नको.

आणि गुरुवारनंतर कुणी विचारलं, व्हिडिओ कुणी काढला, तर नाव घे. एकदाच घे, मोठ्यानं घे. मला भाऊ म्हणून भेटायचं की न्हाई, ते नंतर ठरव. मी रविवारी येईन, बाहेर असले तर. जाळीपाशी आला न्हाईस, तरी भेटीची वेळ संपेपर्यंत उभी राहीन.

तुला मांजरसुंब्याला पोचवणारी,
सत्यशीला