चेहरा ज्याचा त्याला

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, काम पुस्तकांचे बाइंडिंग, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला ताप नाही, व्यसन नाही. माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. जो माणूस या क्षणी माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसला आहे, त्यानेही नाही. त्याला पहिल्यांदा मीच बोलावले. तो कोण, ते कलम चारमध्ये येईल. माझे शिक्षण आठवीपर्यंत. गणितात नापास झालो, शुद्धलेखनात कधीच नाही, तेव्हा यातला कोणताही शब्द चुकून पडला असे कोणी समजू नये.

कलम एक. खोली भाड्याची आहे, ती देता येत नाही. टपालखात्याचे पासबुक, लोखंडी कपाट आणि आईची शाल ताईला. ताई माझी मोठी बहीण, आईनंतर मला तिनेच सांभाळले. कपाटाचा खालचा खण मात्र तिने उघडू नये. तिला मी ओळखतो; नको म्हटले की तिचा हात आधी तिथेच जातो. ताई, या वेळी ऐक.

कलम दोन. दाभण, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी आणि सुयांची डबी कारखान्याच्या मालकांना. ते म्हणत, हात याचा सोन्याचा, पण डोकं सदा दुसऱ्याच्या घरी. कागद कापायच्या कटरचे पाते या यादीत नाही, कारण ते सध्या माझ्याजवळ नाही.

कलम तीन. दर रविवारी आम्ही हौशी चित्रकार सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर जमतो. म्होरके नकाशेकाका. त्यांनी बत्तीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. त्यांच्याकडे दोन रबरी शिक्के आहेत, एक ‘उसने’ आणि दुसरा ‘स्वतःचे’. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक चित्राच्या पाठीवर यांतला एक उमटतो. त्यावर वाद घालायचा नाही.

आमच्यातले बहुतेक जण एका बंद पडलेल्या मासिकातल्या चित्रकथेचे वेडे. तिच्यात मुले पळवून त्यांचा गळा दाबणारा एक खलनायक आहे. त्याला आम्ही मुखवट्या म्हणतो. त्याचा मुखवटा निघण्याआधीच मासिक बंद पडले, त्यामुळे त्याच्या कथा पुढे आम्हीच रंगवत बसलो. शिक्का ठरलेला: उसने.

चष्म्या तेवढा वेगळा. तो फक्त स्वतःच्या मनातले काढतो, गळके नळ आणि रिकाम्या खुर्च्या. आम्हाला तो आयत्या बिळावरचे नागोबा म्हणे. मी एकदा चारचौघांत त्याला म्हणालो, तुझ्या बिळाकडे नागोबा सोड, उंदीरही फिरकत नाही. सगळे हसले. हे वाक्य मी मागे घेतो. माझा बारीक ब्रश आणि काळ्या शाईच्या तीन न उघडलेल्या बाटल्या चष्म्याला द्याव्यात.

कलम चार. तीन वर्षांपूर्वी मी मुखवट्याचा मुखवटा काढला आणि आतला चेहरा दाखवला. नकाशेकाकांनी चित्र उलटे केले, ‘उसने’चा शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मला म्हणाले, “पात्र उसनं, ते ठीक. पण हा चेहरा कुठून आणलास?”

मी म्हणालो, “डोक्यातून.”

त्यांनी ‘स्वतःचे’ उमटवले. मुखवट्याच्या चित्राला तो शिक्का पहिल्यांदाच मिळाला. चष्म्या एकटाच चित्राजवळ रेंगाळला आणि म्हणाला, या माणसाला मी कुठेतरी पाहिलंय. मी त्याला मत्सरी म्हटले. हेही मागे घेतो.

चेहरा डोक्यातून आलेला नव्हता. मला मनातून चेहरे काढताच येत नाहीत. आई रुग्णालयात चौथ्या मजल्यावर एकोणचाळीस दिवस होती. तिथल्या लिफ्टवर जो माणूस होता, त्याचा तो चेहरा. रुंद कपाळ, दुभंगलेली हनुवटी, उजव्या भुवईत एक फट. भेटायला येणाऱ्यांनी जिना वापरावा अशी पाटी होती, तरी माझ्या हातात डबा दिसला की तो मला लिफ्टमध्ये घेई. तो ▬▬ माणूस होता. आई गेली त्या दिवशी त्याने लिफ्ट वाटेत कुठेच थांबवली नाही. बाहेरून लोक दारे ठोकत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “रडून घे. खाली माणसं असतील.”

त्या चेहऱ्यात मी माझे एकच घातले: डावा डोळा पांढरा, बुबुळ नसलेला. बाकी सगळे त्याचे.

कलम पाच. ते चित्र मोबाइलवरून फिरले. कुठल्या कुठल्या हौशींनी तो चेहरा गिरवला आणि खाली इमानदारीने लिहिले, चेहरा टोक्याचा. टोक्या म्हणजे मी. सारखा पेन्सिलीला टोक काढतो म्हणून. शाळेच्या दप्तरांवरही तो चेहरा आला. मी फुशारलो होतो.

तिकडे रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये, हे मला नंतर कळले, मुले त्या माणसाला पाहून आईच्या मागे लपू लागली. कोणीतरी लिफ्टच्या आरशावर त्याचेच चित्र चिकटवले. तक्रारी वाढल्यावर त्याला तळघरात चादरी मोजायला बसवले. मागच्या वर्षी बाजारात एक हरवलेली मुलगी रडत होती. त्याने तिचे बोट धरले आणि तो तिला पोलीस चौकीकडे नेऊ लागला. लोकांनी चेहरा ओळखला आणि मूल पळवणारा समजून त्याला मारले. ती पोचली चौकीवर, पण त्याचा डावा डोळा त्या मारात गेला. तो आता पांढरा आहे.

दोन महिन्यांपूर्वी, चित्राखालचे नाव विचारत विचारत, तो कारखान्यासमोर येऊन उभा राहू लागला. पाच वाजता येई, मी सुटेपर्यंत थांबे आणि निघून जाई. बाविसाव्या दिवशी मीच रस्ता ओलांडला. तो म्हणाला, “चौथा मजला ना तू? चित्र काढणारा तू असशील असं वाटेना, म्हणून इतके दिवस बघत होतो.”

त्याला मूळ चित्र पाहायचे होते. खोलीवर आणून दाखवले. त्याने ते उलटून शिक्का वाचला, मग तारीख वाचली. म्हणाला, “म्हणजे डोळा तू आधी काढलास.” मी हो म्हणालो. मग त्याने विचारले, “पुढचं काय काढून ठेवलंयस?”

एकदा खोटे बोललो होतो, म्हणून या वेळी नाही बोललो. कपाटाचा खालचा खण उघडला. त्यात मुखवट्याचे शेवटचे चित्र आहे, कोणालाही न दाखवलेले. त्याचे दोन्ही अंगठे एका तरुणाच्या गळ्यावर आहेत. तरुण कुठून आणणार? मी आरशात पाहून स्वतःलाच काढले होते.

त्याने ते चित्र बराच वेळ पाहिले. नंतर स्वतःचे अंगठे पाहिले. मी पात्याने शाई खरवडायला घेतली, तर त्याने पाते माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाला, “खोडू नकोस. माझं कोणाला खोडता आलं?” पाते अजून त्याच्याकडेच आहे.

तेव्हापासून तो रोज सातला खोलीवर येतो आणि स्टुलावर बसतो. ओरडत नाही, पैसे मागत नाही. काय हवे ते मी विचारले. तो म्हणाला, “मलाही ठाऊक नाही. हातांना ठाऊक असेल.”

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नकाशेकाकांनी करावी. त्यांनी माझ्या चित्रावरचे ‘स्वतःचे’ तांबड्या शाईने खोडावे आणि शेजारी ‘उसने’ उमटवावे. ज्यांनी ज्यांनी तो चेहरा गिरवला त्या सर्वांना पुढील मजकूर पाठवावा, आणि तोच रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये आणि बाजाराच्या तोंडाशी लावावा: या माणसाने कोणाचेही मूल पळवलेले नाही. एका मुलीला त्याने चौकीवर पोचवले, आणि एका मुलाला चार मजले रडू दिले.

खालच्या खणातले चित्र जाळू नये, लावू नये, गिरवू नये. मी कसाही सापडलो तरी ते या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये. त्यातले अंगठे मी काढले आहेत. ते कुठे ठेवायचे हे मी ठरवले, त्याने नाही.

कलम सात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने मला बजावले. म्हणून स्पष्ट करतो. दुसऱ्या साक्षीदाराला मी त्याचा चेहरा देत नाही; तो माझा कधीच नव्हता. परत करणे म्हणजे देणे नव्हे.

खाडाखोड एकच आहे, कलम चारमध्ये. तिथे मी ‘भला’ असे लिहिले होते. वाचताना दुसऱ्या साक्षीदाराने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, “हा शब्द काढ. आजच्यापुरता तरी काढ.” तिथे आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

मृत्युपत्र करणार: सही (टोक्या)

साक्षीदार पहिला: सही (नकाशेकाका). मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसरा: सही (लिफ्टवाला). मजकूर पूर्ण वाचला.

सह्यांनंतरची नोंद: नकाशेकाका निघताना दारात थांबले. स्टुलाकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारले, थांबू का? मी नको म्हणालो. ते जिना उतरेपर्यंत आम्ही दोघेही ऐकत होतो.

दिनांक एकोणीस, गुरुवार, नऊ वाजून दहा मिनिटे.

स्थळ: माझी खोली. दार मी आतून लावले आहे.