शंभरात नव्वद पाणी

सोमवार, ३ मार्च
चाऱ्याची गाडी आजही नाही! यंदा पाऊसच झाला नाही, रस्ता बंद, साहेब फोन उचलत नाहीत. या मृगवनात उरलोय आम्ही आठ जण — सात हरणं आणि त्यांची राखण करणारी मी. गवताचं नाव नाही. कुंपणाला फड्या निवडुंग मात्र माजलाय. त्याला ना पाणी लागतं, ना साहेब. कानफाटीने — फाटक्या कानाची, पोटुशी आहे — आज त्याला तोंड लावलं. ओठात काटे घेऊन हिंडतेय. जवळ जाऊन काढू देईल तर शपथ!

बुधवार, ५ मार्च
दादाने ब्लोलॅम्प दिला. रंगारी माणूस, दारांचा जुना रंग जाळून काढतो त्याने. हल्ली कोण दारं रंगवतंय! काटे क्षणात जळतात. पानं चिरून टाकली आणि लांब जाऊन बसले. खाल्ली! सगळी! मी वेड्यासारखी रडले.

गुरुवार, ६ मार्च
आजही खाल्ली. मी लांबच.

मंगळवार, ११ मार्च
जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले. "खातायत म्हणून हुरळून जाऊ नका, बाई. शंभरात नव्वद पाणी आहे यात. कॅल्शियम भरपूर, पण प्रथिनं नावापुरती. उंट काट्यांसकट खातो, कासवं खातात, रानडुकरं खातात — पण नुसत्या निवडुंगावर कुणी अंग धरत नाही. सोबत वाळका चारा हवा, मूठभर पेंड हवी." पेंड! इथे माणसांना डाळ मिळेना. हरणांना तर हगवण लागलीच आहे, सगळ्यांना. पोटं टम्म आणि वर बरगड्या.

शुक्रवार, १४ मार्च
ब्लोलॅम्प फुरफुरला की पळत येतात! अजून पान भाजायचंय, तोवर हजर! जन्मभर माझी सावली पडली तरी उधळणारी ही हरणं. कानफाटीने तर आज हातातून घेतलं. दादा कुंपणापाशी उभा होता.
"काय जादू केलीस गं? तुझ्या आवाजाला येतात?"
"माझ्या कुठल्या! तुझ्या ब्लोलॅम्पच्या."
केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी.

रविवार, १६ मार्च
गादी उसवून आतला पेंढा घातला त्यांना. आता जमिनीवरच झोपायचं. मग दादाकडे गेले, मूठभर हरभरे मागायला. कानफाटीसाठी. दादा म्हणाला, "तुझ्या हरणांना काय कमी पडतंय ते पाठ आहे तुला. माझ्या पोरांना काय कमी पडतंय, विचारलंस कधी?" खरंच नव्हतं विचारलं. त्यांच्याकडेही उकडलेला निवडुंगच. माझ्याकडेही तोच. चिकट, आंबूस, तासाभरात पोटात पुन्हा खड्डा. धाकटीच्या पायांच्या काड्या झाल्यात. लाज वाटली. तरी परत येताना डोक्यात हरभरेच होते.

मंगळवार, १८ मार्च
दादा ब्लोलॅम्प घेऊन गेला. "एक काम आलंय." बरं वाटलं! कामाशिवाय तो घरात कसा बसतो ते बघवत नाही.

बुधवार, १९ मार्च
चिमट्याने काटे काढतेय. बोटं सुजली. दिवसभरात दोन पाट्यासुद्धा झाल्या नाहीत.

गुरुवार, २० मार्च
सहाच आहेत. कानफाटी नाही!
कुंपण सगळं फिरून बघितलं, धड आहे. फाटकाची कडी मात्र उलटी लावलेली. मी कधीच तशी लावत नाही. फाटकाशी भाजलेल्या निवडुंगाचे तुकडे — आणि मी तर दोन दिवस काही भाजलंच नाही!
धावत आली असणार ती. सगळ्यांच्या पुढे. तिच्या पोटात पिल्लू होतं, हे दादाला माहीत होतं! मीच सांगितलं होतं. सगळं मीच सांगितलं होतं.
संध्याकाळी वहिनी आली. पुसून लख्ख केलेला ब्लोलॅम्प आणि एक झाकणाचा डबा. माझ्याकडे बघितलं नाही. "पोरं आज रडली नाहीत," एवढंच म्हणाली. डबा गरम होता. उघडला नाही. फेकलाही नाही.

शुक्रवार, २१ मार्च
खाल्ला. बोटं चाटून. मग हात धुतले आणि ब्लोलॅम्प पेटवला. सहाही धावत आली. एकाने माझे हात हुंगले, पुन्हा हुंगले — आणि त्याच हातातून खाल्लं.