तात्याबाचा कान आणि प्रगतीचा कॅन

मु. पो. भांडगाव

ती. सोपानदाजींना मेव्हणा तात्याबा याचा पाया पडून नमस्कार. आक्काचे गुडघे आता कसे आहेत? इकडे माझा डावा कान सोडला तर सगळे खुशाल. (पत्र कशाला, म्हणाल. फोन मी जन्मभर डाव्याच कानाला लावला. उजव्याला लावला की चोरून ऐकल्यासारखं वाटतं.)

झालं असं, की नात प्रगती सुट्टीला आली आणि तिला विहिरीत पोहायला शिकवायचं मी पत्करलं. तिच्या पाठीला रिकामा कॅन बांधून रोज दुपारी आम्ही पाण्यात. कानात पाणी राहिलं, खाज सुटली. हाताशी ट्रॅक्टरची किल्ली होती, तीच फिरवली. काय सुख दाजी! दुसऱ्या दिवशी नुसती कानाची पाळी ओढली तरी डोळ्यांपुढे काजवे. आमच्या सौ. कुशाबाईनं लसणाचं कोमट तेल ओतलं, तसा कान आणखी ठणकून वाहायलाच लागला.

शेवटी दौंड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी कान साफ केला, थेंब दिले आणि म्हणाल्या, “आबा, किल्ली ट्रॅक्टरलाच लावायची.” तेल बंद, कानात काडीसुद्धा घालायची नाही, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. थेंब घातले की कुशीवर पडून राहायचं. (हे औषध मला फार मानवलं. पडलेल्या माणसाला घरात कोणी काम सांगत नाही.) पण कान पुरता बरा होईपर्यंत विहीर बंद!

इथंच जीव अडकलाय. शाळा उघडायला आली आणि पोरगी कॅन सोडेना. म्हणते, “आबा पाण्यात असले तरच सोडीन.” तशीच परत गेली तर मला वर्षभर चैन पडायचं नाही.

आपला,
तात्याबा

ता. क. खरं काम हे, की रविवारी या आणि माझ्याऐवजी पाण्यात उतरा.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ताच कुशाबाईनं लुगड्याचा काचा मारला आणि विहिरीत सूर मारला! मागोमाग कॅनशिवाय प्रगती. दोघी मजेत पोहतायत. संसारात इतकी वर्षं गेली, हिला पोहता येतं हे मला आज कळलं. विचारलं तर म्हणते, “तुम्ही कवा इचारलं?” मला आनंदही झाला आणि हेवाही वाटला. तरी रविवारी या. पाण्यात उतरू नका. काठावर बसून माझा सदरा घट्ट धरून ठेवा.