मुरीची आई

इजेबू-ओडे,
२ जून १९६१

चि. रफातू हिस अ. उ. आ. अल्लाहच्या कृपेने आम्ही खुशाल. आईची मक्केहून तार आली, वीस तारखेला पोचते. कसाव्याच्या किसाची गारी भाजून डबे भरून ठेवलेत.

तुझी तबकडी ऐकली. आपली वाका, बायकांची भक्तिगीतं, गाणारी गावची बाई तबकडीवर प्रथमच, म्हणून शिंप्याच्या दारात आम्ही साऱ्याजणी गोळा झालो. नबींची स्तुती छान म्हटलीस, गळा थेट आईचाच. पण ढोल कशाला गं घातलेस? आपल्याला टाळ्या नि पत्र्याच्या झांजा पुरतात. बरं, तेही सोडलं. पुढे तू गायलीस की मुरीची आई, तुझ्या पाठीवर मी वाढले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तर कामोरूची आई! मुरीची आई म्हणजे तुझी ती लागोसची घरमालकीण, तुला तबकड्यांच्या कंपनीत नेणारी. तिच्या पाठीवर कधी बसलीस? त्यांतली आलिमोतू सगळ्यांदेखत म्हणालीच, की लेसचं कापड मिळालं की पाठ बदलते.

आईच्या स्वागताला पुढे उभं राहून कोण गाणार, हे शुक्रवारी ठरेल. माझी जागा तू दुसरीला दिली असशील, तर मी तुझं नाव सुचवणार नाही. खरं काय ते लिही. मायेत उणं नाही, विश्वासाचं मात्र तू बघ.

तुझी,
ताई

लागोस,
६ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू येईना. घरमालकिणीलाही ते गाणं आपलंच वाटतंय. रोज तळलेली केळी वाढते आणि मी गप्प खाते, एवढी लबाडी कबूल. कापडबिपड काही नाही.

थोरल्या बहिणीचं नाव मी कशी घेणार? लेकरावरूनच हाक मारायची. कामोरू झाला तेव्हा मी चांगली पाणी भरत होते, पाठीवर कुठली? तुझा पहिला मुलगा मुरी चाळीस दिवसांत गेला. त्याला पाठीशी बांधायचं फडकं तू माझ्याभोवती गुंडाळलंस नि मला पाठीवर घेतलंस. मी चार वर्षांची, पाय तुझ्या गुडघ्यांना लागायचे. आई ओरडायची, तरी तू खाली ठेवायची नाहीस. तेव्हा सारं गाव तुला मुरीची आई म्हणे. पुढे तूच ते नाव बंद केलंस. माझ्या तोंडी तेच बसलंय. चुकलं असेल तर रागव, पण परकी करू नकोस.

तुझी,
रफातू

इजेबू-ओडे,
१० जून

चि. रफातू हिस अ. आ.

तेवीस वर्षांनी कुणी हाक मारली, आणि मला ओळखूही आली नाही.

काल सभेत तुझं नाव दिलं. आलिमोतूने खोचकपणे विचारलं, की ही मुरीची आई आहे तरी कोण. मीच, असं सांगितलं. मग तुझंच नाव ठरलं.

अठराला निघ. ढोल तिकडेच राहू देत. मालकिणीला काही सांगू नकोस, बिचारी केळी वाढतेय. बाकी समक्ष.

तुझी,
मुरीची आई