टोपली रिकामी जात नाही

किसुमू,
४ मार्च १९७८

गं. भा. अपोंदी वहिनीस आकुमूचे स. न. वि. वि.

तुझी सुक्या मासळीची टोपली पोचली. आभार मानणार होते, पण आमच्या घरात आता माणसांची सोय उरलेली नाही. नवऱ्याचा रविवारचा शर्ट, अंथरूण, बायबल, सगळ्याला सरोवराचा वास. गल्लीतली मांजरं दाराशी पंचायत भरवून बसलीत. या अन्यायाची दाद पाद्र्याकडे मागू की चीफकडे, ते कळव. टोपली परत करीन. रिकामी पाठवू नये, एवढं आईने शिकवलंय.

माझ्या भावाला, ओबिएरोला, जाऊन वर्ष झालं, पाऊस तोंडावर आला. छपरावर नवं गवत चढलं का?

लोभ असू दे, मासळी पुरे.
तुझी नणंद,
आकुमू


आसेम्बो,
१३ मार्च

ती. सौ. वन्संना अपोंदीचा शि. सा. न. वि. वि.

गवत अंगणात कुजतंय. विधवेने आधी कुळातला पुरुष घरात घ्यावा, मगच तिच्या छपराला हात लावायचा, म्हणून एकही गडी शिडी चढत नाही. पहिल्याच सरीत पलंग भिजला. लेकरं भिंतीला चिकटून झोपतात.

ओंदिती भाऊजी मात्र रोज येतात. धाकटा दीर म्हणून हक्क सांगतात. यांच्या खुर्चीत बसून माझीच मासळी खातात, काटे जमिनीवर थुंकतात, बोटं पडद्याला पुसतात आणि म्हणतात, आधी गादी, मग छप्पर. मेले तरी हो म्हणणार नाही, वन्सं. पण पावसाला किती दिवस थांब म्हणू?

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
अपोंदी


किसुमू,
१९ मार्च

गं. भा. वहिनीस स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मासळीचा वास अत्तरासारखा वाटू लागला. हाच ओंदिती सख्ख्या भावाची कबर खणायच्या वेळी पाठ धरली म्हणून झाडाखाली घोरत होता. गादीवर चढायला पाठ बरी झाली मेल्याची! आणि वर म्हणे रीत. माझा भाऊ म्हणायची किळस येते.

न्यागोल काका डोळे दाखवायला आमच्याकडेच उतरलेत. कुळात त्यांच्याहून वडील कोणी नाही. त्यांना पत्र वाचून दाखवलं. म्हातारा आधी दारात जाऊन थुंकला. मग म्हणाला, म्हाताऱ्या विधवेच्या घरात पुरुषाऐवजी त्याचा कोट रात्रभर टांगतात, तीही रीतच. आमची वहिनी म्हातारी कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाला, वय बघायला मला दिसतंय कुठे? शिवाय कोट ओंदितीपेक्षा कमी खातो.

कोट दारामागच्या खिळ्याला टांग. सकाळी आळीला दाखव आणि शिडी लाव. काका रविवारी येऊन अंगणात बसणार आहेत. कोणाला काही बोलायचं असेल तर त्यांच्यापुढे बोलावं.

टोपली आजच्या बसने पाठवली आहे. वरचं फडकं काढ, खाली काकांचा कोट आहे.

पोरांना कोरड्यात झोपव.
तुझी,
आकुमू