दोघींसाठी मागितलेला आशीर्वाद

सोमवार, ४ मार्च १९७४

श्यामलाने आज मागितलं. सरळ मागितलं!

दुपारी मी मऊ भात घेऊन हॉस्पिटलात गेले होते. प्रार्थनेसाठी पाळक म्हणून हेही सोबत. आमेन झालं, हे उठायला लागले, तर श्यामलाने यांची बाही धरली. तिचं मराठी शकुनकडून ऐकून ऐकून शिकलेलं, बंगाली वळणाचं — "साहेब, मी आता वाचत नाही. नर्स आहे, मला समजतो. जायच्या आधी आम्हा दोघींवर आशीर्वाद पाहिजे. लग्नात देता तसा."

शकुनने मान खाली घातली. कानशिलं लाल झाली होती.

शकुन रणभिसे आमच्या नगरकडची, मिशनच्या शाळेत शिक्षिका. श्यामला बिस्वास कृष्णनगरची. सतरा वर्षं इथे बंगालात, खिदिरपूरच्या दोन खोल्यांत एकत्र राहताहेत. रविवारी चर्चमध्ये शेजारी शेजारी. सगळे म्हणायचो — अगदी बहिणींसारख्या! मला काय कळत नव्हतं? कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

हे म्हणाले, "विचार करतो."

श्यामला हसली. "मागच्या महिन्यात गोदीत नवीन लाँचला आशीर्वाद दिला साहेब. तेव्हा विचार नाही केला."

मंगळवार, ५ मार्च

चहाच्या वेळी यांना स्पष्ट सांगितलं — असलं काही करायचं नाही. लीनाचं पुण्याला ठरत आलंय. पाळकाची मुलगी म्हणून ती माणसं तयार झालीत. उद्या तिकडे कळलं तर?

हे चहा ढवळत म्हणाले, "सरला, इतकी वर्षं पाळक आहे. इतक्या आशेने माझ्याकडे कुणी आशीर्वाद मागितला नव्हता."

मी म्हटलं, "आशा तिची, बदनामी आपली."

हे अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

रविवार, १० मार्च

फुटलंच! शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या कुणाची तरी मावशी. आज भक्तीला शकुन एकटी बसली होती, आणि तिच्या मागचा पुढचा बाक रिकामा. एवढी गर्दी असून रिकामा.

भक्ती संपल्यावर चर्चचे सेक्रेटरी शरच्चंद्र सरकार घरी आले. हातात कुठलंसं परदेशी मासिक. अमेरिकेत एका चर्चने दोन पुरुषांना आशीर्वाद दिला म्हणे. "तिकडून आता इथे आलं! पाळकसाहेब, शनिवारी कमिटी बोलावतो."

हे "हो" म्हणाले. नुसतं "हो".

बुधवार, १३ मार्च

एकटीच गेले. यांचं पाऊल हॉस्पिटलकडे वळत नाही.

मी दारातच थांबले. शकुन श्यामलाचे केस विंचरत होती. फणीत मूठभर केस आले. शकुनने ते झटकन पदराखाली घेतले, श्यामलाला दिसू नयेत म्हणून, आणि विंचरतच राहिली — जणू अजून लांबसडक वेणी घालायची आहे.

तिथेच मनात म्हटलं — द्यावा यांनी आशीर्वाद. लीनाचं काय व्हायचं ते होवो. असं विंचरणारं माणूस किती जणींना मिळतं?

घरी येऊन यांना सांगणार होते. हे टेबलाशी, डोकं हातात धरून बसलेले. त्या दिवशी मी इतकं तोडून बोलले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू? भाजी चिरायला बसले.

शनिवार, १६ मार्च

कमिटी आमच्याच दिवाणखान्यात. मी चहा दिला आणि दाराआड उभी राहिले.

सरकारबाबूंनी शास्त्रातले दाखले काढून ठेवले होते. एकामागून एक वाचले. कुणीतरी म्हणालं, आज हे, उद्या काय? कुणी म्हणालं, तरुण पोरींनी काय शिकायचं?

म्हाताऱ्या प्रेमलताबाई तेवढ्या बोलल्या. "एकाहत्तरला सॉल्ट लेकच्या छावणीत निर्वासित आले तेव्हा या दोघी दोन महिने कॉलऱ्यात राबल्या. आपण घरातून डबे पाठवले आणि मोकळे झालो. तेव्हा नाही कुणी विचारलं तुम्ही एकमेकींच्या कोण म्हणून."

"सेवा वेगळी, पाप वेगळं," सरकारबाबू म्हणाले.

प्रेमलताबाई सोडून सगळ्यांचे हात वर. ठराव असा — अशा संबंधाला या मंडळीत आशीर्वाद मिळणार नाही, जो पाळक देईल त्याने चर्च सोडावं.

पहिली सही यांची!

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "भेकड आहात तुम्ही."

कपबशा उचलून हे मोरीकडे गेले. आजवर कधी कप उचलला नाही.

सोमवार, १८ मार्च

विवाहविधीचं पुस्तक पिशवीत घातलं. यांना जमत नाही तर मीच म्हणेन, असं ठरवून निघाले. ट्राममध्ये दोनदा मनात म्हणूनही पाहिलं.

वॉर्डात वीज नाही, पंखे बंद. श्यामलाला धड श्वास घेता येईना. शकुन वर्तमानपत्राने वारा घालत होती. मी पलीकडच्या बाजूने पाय चेपत बसले. पुस्तकाला हात लागला, बाहेर काढता आलं नाही. मी कोण? मला काय अधिकार? चार बायका बघत होत्या.

तासाने उठून आले. यांना भेकड म्हणणारी मी!

गुरुवार, २१ मार्च

श्यामला पहाटे गेली. शकुन जवळ होती.

शुक्रवार, २२ मार्च

कृष्णनगरहून भाऊ आला. नऊ वर्षांत एकदाही भेटला नव्हता. आल्या आल्या खोल्यांची किल्ली मागून घेतली — भाड्याची चिठ्ठी श्यामलाच्या नावावर.

कबरस्तानात तो पुढे. शकुन मागे, माळ्याच्या शेडपाशी. मूठभर माती टाकायला आली तेव्हा त्याने विचारलं, "आपण कोण?"

शकुन म्हणाली, "एकत्र राहायचो. खोल्यांत."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. प्रार्थना म्हणताना हे मध्येच थांबले. लोकांना वाटलं, पान सापडत नाही.

रविवार, २४ मार्च

आज यांनी भक्तीत ठराव वाचून दाखवला. कबरीवरची माती अजून ओली असेल! मी उठून बाहेर गेले. सगळ्यांनी पाहिलं.

जेवताना सांगितलं, मी जालन्याला भावाकडे जाते. कधी येईन माहीत नाही.

"बरं," म्हणाले. एवढंच.

बुधवार, २७ मार्च

शकुन निरोप घ्यायला आली. नगरला जातेय, कायमची. हे बाहेर गेले होते. मी माफी मागायला लागले, तर माझ्या भरलेल्या पेटीकडे बघत तिने मला थांबवलं. "ताई, साहेबांना सोडून जाऊ नका. कुणाला सांगणार नाही असं श्यामलाला वचन दिलं होतं, पण आता सांगते."

शुक्रवारी, कमिटीच्या आदल्या दिवशी, हे एकटे तिथे गेले होते. खाटेभोवती पडदा ओढून घेतला. दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले. सगळा विधी कुजबुजत म्हटला, एक शब्द गाळला नाही. मग रडले, आणि म्हणाले, उद्या ठरावावर मला सही करावी लागेल, मला तेवढं धाडस नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

शकुन उठायला लागली. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाले, कमिटी फार तर चर्च काढून घेईल. सरलाला कळलं तर माझं घर राहणार नाही."

पेटी भरून ठेवली आहे. हे फाटकाशी आलेत. आता माझ्याकडे बघतील.