लाभ, बोला

आबा, आज गाळ्यावरचा फोन सकाळपासून खणखणतोय. कांद्याचा बाजार चढला की लोकांना दम निघत नाही. मी उचलते, "लाभ, बोला" म्हणते. नवीन लागलेली मुलगी खुदकन हसते. तिला काय ठाऊक, हा शब्द कुणाचा ते.

मंचरच्या या आडत्याकडं मी लागले ती शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहायला. मग शेठनी फोन माझ्या गळ्यात मारला. लहानपणापासून अडखळणारी मी! 'हॅलो'तला ह घशात असा रुतायचा की पलीकडच्याला वाटायचं, रेंज गेली. डिंगोरे गावचे एक म्हातारबाबा ओरडले, "थांब गं बाई, टेकाडावर जातो!" आणि चढले की खरंच. धापा टाकत म्हणाले, "हां, आता बोल." माझं तोंड उघडंच. फोन ठेवून दिला मी. शेठ म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर दुसरं कोणीतरी आणावं लागेल." तुमचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते, माझ्या पगाराशिवाय घर चालणार नव्हतं.

भाकरी मोडता मोडता तुम्ही ऐकलंत आणि भडकलात. "त्यो म्हातारा टेकाड चढला आन् तू फोन ठिवला? अडखळायची कसली लाज? फोन ठिवायची वाटू दे." लई लागलं मला. रडतच ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम काट्यापाशी उभं केलंत. तुम्ही बाजारातले मापाडी. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तुमची जुनी रीत. गोणी चढली की तुम्ही सूर लावायचात, "लाऽभ... दोनऽ... तीनऽ..." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "पोरी, पयल्या शब्दालाच अडतीस ना? मग पयला लाभाला दिऊन टाक. तू दोनापासून बोल."

वेड्यासारखं वाटलं, पण केलं. सुरात लाभ निघायचा आणि त्याच्यामागून बाकीचे शब्द. पार निमगाव साव्याचे लोकसुद्धा मला लाभताई म्हणायला लागले. शेठ तर ऐटीत सांगायचे, "आमच्याकडं फोनवरच लाभ होतो, राव!" दुसरं कोणी आणायचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे. लाल आकडे दिसतात, सूर कुणी लावत नाही. तरी मी उगाच तिकडं कान देऊन बसते. फार आठवण येते, आबा.

तुम्ही गेलात त्या दिवशी पाहुण्यांना फोन मलाच करायचे होते. आई भिंतीला टेकून बसलेली. पहिला लावला जुन्नरच्या आत्याला. ही बातमी सांगताना लाभ कसा म्हणू? सरळ 'आबा' म्हणायला गेले आणि अडकले. "आ... आ..." पलीकडं आत्या "हॅलो, हॅलो" ओरडली नाही, मध्ये शब्द घातला नाही. "सावकाश सांग, मी हाय," म्हणाली आणि थांबली. मी सांगितलं. मग बाकीच्यांनाही, रडत, अडखळत. एकही फोन मध्येच ठेवला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ठेवते इथंच ड्रॉवरमध्ये. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून मला फोनवर लाभाची गरज लागत नाही. अडखळते, लोक थांबतात, काम होतं. तरी म्हणते. तेवढाच तुमचा आवाज कानावर पडतो.